थोडी म्हणजे किती?

गरोदरपणात दारू पिऊ नये, हे सगळ्यांनाच माहीत असते. वाद सुरू होतो तो पुढच्या वाक्यापासून : ‘अगदीच नको असं नाही, थोडी चालते.’ लग्नातल्या संगीताच्या रात्री, ऑफिसच्या पार्टीत, नाशिकला वायनरी पाहायला निघालेल्या मित्रमंडळींत हे वाक्य हमखास कानावर पडते. म्हणणारी माणसे शिकलेली असतात आणि मनानेही वाईट नसतात. दिवस गेल्याचे कळले की बाईवर सगळे घर पहारा देऊ लागते. पपई खाऊ नको, ओझे उचलू नको, ग्रहणात बाहेर पडू नको. तिला दोन घटका मोकळेपणी जगू द्या, ही त्यामागची भावना. या भावनेशी भांडण नाही. भांडण त्या वाक्याशी आहे, कारण ते विज्ञानाचा आव आणते आणि हिशेब मात्र देत नाही.

तो हिशेब आधी मांडू. ब्रिटनमध्ये दारूचे एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात ८ ग्रॅम. डेन्मार्कमध्ये ‘एक ड्रिंक’ १२ ग्रॅमचे धरतात, अमेरिकेत १४ ग्रॅमचे. आता आपल्याकडे या. १३ टक्क्यांची वाइन १५० मिलिलिटर ओतली की जवळजवळ दोन ब्रिटिश युनिटे झाली. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा लार्ज पेग अडीच युनिटांच्या वर जातो. ‘बिअरच तर आहे’ म्हणून उघडलेली ६५० मिलिलिटरची, आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली पाच युनिटे ओलांडते. व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये साडेसातच्या वर युनिटे असतात. शिवाय हे सगळे मापाने ओतले तर. घरी कोण मापाने ओततो?

आता ‘थोडी चालते’ हे ज्या ब्रिटिश संशोधनावरून सांगितले जाते त्यातली ‘थोडी’ पाहू. आठवड्याला किंवा एका वेळेस एक ते दोन युनिटे, बस्स. म्हणजे वर मोजलेला एकच ग्लास वाइन घेतला की मर्यादा गाठली, आणि लार्ज पेगने ती ओलांडली. परदेशातल्या शोधनिबंधातली ‘थोडी’ आणि आपल्या पार्टीतली ‘थोडी’ यांची गाठच पडत नाही.

सरासरीचा घोळ वेगळाच. महिनाभर थेंबही न घेता भावाच्या लग्नात एका रात्री चार पेग घेतले, तर सरासरीने ते आठवड्याला एक होतात. कागदावर सौम्य वाटणारे हे पिणे गर्भाच्या दृष्टीने सर्वांत वाईट प्रकारांपैकी आहे. दारूचा मारा रक्तातल्या पातळीवर ठरतो. ही पातळी त्या रात्री किती वर गेली, ते सरासरी सांगत नाही. समारंभांपुरते पिणाऱ्या समाजात तर हाच प्रकार जास्त असणार.

‘पण संशोधन आहे ना!’ असे म्हटले जाते. आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. अर्थतज्ज्ञ एमिली ऑस्टर यांचे ‘एक्स्पेक्टिंग बेटर’ हे पुस्तक २०१३ साली अमेरिकेत आले आणि ‘थोडी चालते’ पक्षाला आकडेवारीचा आधार मिळाला. डॉक्टर गरोदर बायकांना कारण न सांगता नियम ठोकून देतात, ही त्यांची तक्रार रास्तच होती. दारूबद्दल त्यांचे म्हणणे असे, की पहिल्या तिमाहीत आठवड्याला एक-दोन ड्रिंक आणि पुढे दिवसाला एकापर्यंत, यात धोका असल्याचा भक्कम पुरावा सापडत नाही. त्याच्या आदल्या वर्षी डेन्मार्कमध्ये सोळाशेहून अधिक माता आणि त्यांची पाच वर्षांची मुले यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आठवड्याला आठ ड्रिंकपर्यंत घेणाऱ्या मातांच्या मुलांत बुद्ध्यांक किंवा एकाग्रतेत लक्षणीय फरक आढळला नाही. नऊच्या पुढे मात्र एकाग्रतेवर परिणाम दिसला. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत, दहा हजारांहून अधिक मुलांत, कमी पिणाऱ्या मातांची मुले न पिणाऱ्यांच्या मुलांपेक्षा मागे नव्हती. काही चाचण्यांत तर ती किंचित पुढे होती.

किंचित पुढे! इथेच शंका यायला हवी. पोटातल्या बाळाला दारू पाजल्याने ते हुशार होते, असे कोणताही संशोधक म्हणणार नाही. मग हा फरक आला कुठून? आईच्या घरातून. ब्रिटनमध्ये गरोदरपणात आठवड्याला एखादा ग्लास वाइन घेणाऱ्या बायका सरासरीने जास्त शिकलेल्या, जास्त मिळकतीच्या आणि मुलांना पुस्तके वाचून दाखवणाऱ्या घरांतल्या होत्या. अजिबात न पिणाऱ्यांत गरिबी जास्त होती, आजारपणेही होती. संशोधक गणिताने हा फरक वजा करतात, पण पूर्ण वजा होतोच असे नाही. चांगल्या घराचा फायदा दारूचे छोटे नुकसान झाकून टाकू शकतो.

हा गुंता सोडवण्याची एक युक्ती ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये वापरली, आणि या वादात तिला जेवढे महत्त्व मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही. शरीरात अल्कोहोलचे विघटन किती वेगाने होते, हे काही जनुकांवर अवलंबून असते. कुणाला कोणते जनुक मिळणार, हे आईची मिळकत किंवा शिक्षण पाहून ठरत नाही. संशोधकांनी चार हजारांवर मुलांचे आठव्या वर्षीचे बुद्ध्यांक घेतले आणि ते मुलांच्या या जनुकांशी ताडून पाहिले. गरोदरपणात आठवड्याला एक ते सहा युनिटे घेतलेल्या मातांच्या मुलांत, यांपैकी चार जनुकीय फरक जितके जास्त तितका बुद्ध्यांक कमी निघाला. प्रत्येक फरकामागे जवळजवळ दोन गुण. न पिणाऱ्या मातांच्या मुलांत तेच जनुकीय फरक होते, पण बुद्ध्यांकावर त्यांचा काहीच परिणाम नव्हता. अट्टल पिणाऱ्या बायका या मोजणीत धरलेल्याच नव्हत्या. म्हणजे ‘माफक’ पिण्याच्या पट्ट्यातच दारू काम करत होती. साध्या तुलनेत ते दिसले नव्हते, जनुकांच्या वाटेने गेल्यावर दिसले.

दोन गुणांनी काय होते? एका मुलाच्या बाबतीत कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण इथे दावा ‘अजिबात काही होत नाही’ असा होता.

दुसरी अडचण वयाची. पाच वर्षांच्या मुलाची परीक्षा घेऊन त्याचा मेंदू सहीसलामत आहे असे जाहीर करणे घाईचे आहे. दारूने जे बिघडते त्यातले पुष्कळसे नियोजन, संयम, गणित, पैशाची आणि वेळेची समज यांत असते. ते चौथी-पाचवीत गेल्यावर, कधी त्याहीनंतर, उघडे पडते. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या ९,७१९ मुलांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२० मध्ये आला. कमी प्रमाणात पिणाऱ्या मातांच्या मुलांतही वागणुकीच्या आणि लक्ष न लागण्याच्या तक्रारी जास्त असल्याचे त्यात आढळले. हाही निरीक्षणाचाच अभ्यास आहे, त्यालाही वरचे आक्षेप लागू पडतात. पण मग ‘संशोधनाने सिद्ध केलंय’ असे कुठल्याच बाजूला म्हणता येत नाही, आणि डॅनिश अभ्यास हातात धरून निर्धास्त होणे तर मुळीच नाही. त्या डॅनिश संशोधकांनीही गरोदर बायकांना दारू टाळण्याचाच सल्ला कायम ठेवला होता. तो भाग सांगायचा मात्र राहून जातो.

शंभर टक्के खात्रीचा पुरावा कधी मिळणारही नाही. औषधाची चाचणी घेतात तशी हजार गरोदर बायकांना वाइन आणि हजारांना द्राक्षाचा रस देऊन पाहण्याची परवानगी कोणतीही नीती समिती देणार नाही. २०१७ मध्ये ब्रिस्टलच्याच गटाने आठवड्याला चार युनिटांपर्यंतच्या पिण्यावरचे सगळे चांगले अभ्यास गोळा केले. जेमतेम २६ हाती लागले. वजनाने कमी भरणाऱ्या बाळांचे प्रमाण थोडे वाढलेले दिसले, बाकी बाबतींत पुरावाच तुटपुंजा होता. असा तुटपुंजा पुरावा पाहून एक जण म्हणतो, ‘धोका सिद्ध नाही, घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘सुरक्षितता सिद्ध नाही, घेऊ नका.’ हे दोघे सारखे नाहीत. पहिला चुकला तर किंमत मूल आयुष्यभर देते. दुसरा चुकला तर आईचे नऊ महिन्यांचे काही ग्लास बुडतात.

ब्रिटनने हाच विचार करून भूमिका बदलली. २००८ मध्ये तिथली अधिकृत सूचना अशी होती, की पहिले तीन महिने टाळा, पुढे घ्यायचीच तर आठवड्यातून एक-दोनदा एक-दोन युनिटांहून अधिक नको. २०१६ मध्ये देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती रद्द केली आणि दिवस गेले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर दारू घेऊच नये, असे सांगितले. कमी प्रमाणात घेतलेल्या दारूचा धोका बहुधा कमी असतो, हेही त्यांनी त्याच कागदावर प्रामाणिकपणे लिहिले. घाबरवायचे नाही आणि सूटही द्यायची नाही, असा तो मजकूर आहे.

‘फ्रान्समधल्या बायका नाही का पीत?’ हा युक्तिवाद लवकर आटोपण्यासारखा आहे. दारू पिणाऱ्या पालकांच्या १२७ मुलांची नोंद करून त्यांच्यातली सारखी चेहरेपट्टी, खुंटलेली वाढ आणि मंद बुद्धी प्रथम लिहून काढली ती पॉल लेमोइन या फ्रेंच डॉक्टरांनीच, नान्त शहरात, १९६८ साली. ती फ्रेंचमध्ये, एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात आली, म्हणून जगाला पत्ता लागला नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ लायन्स जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आठ मुलांचे वर्णन केले आणि ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. आज फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या दारूच्या प्रत्येक बाटलीवर गरोदर बाईचे चित्र आणि त्यावर काट असते, किंवा तशा अर्थाची ओळ. २००७ पासून ते सक्तीचे आहे. फ्रान्सचा दाखला द्यायचा तर हा सगळा द्यावा.

घरगुती युक्तिवाद यापेक्षा चिवट आहे. ‘आमच्या आईने ब्रँडी घेतली होती, आम्ही काय वेडे निघालो?’ मराठी घरांत, आणि गोव्यात फेणीच्या रूपाने, दारू ही औषधाच्या कपाटातून आत आली. सर्दी झाली, चमचाभर ब्रँडी. बाळंतिणीला थंडी वाजते, थोडी ब्रँडी. गरोदर बाईला पपईची एक फोड खाऊ न देणारे घर हे चमचे मात्र बिनघोर देत आले आहे. इथे आसव-अरिष्टांचाही उल्लेख करायला हवा. ती आंबवून तयार होतात, त्यांत मुरताना बनलेले अल्कोहोल असते आणि त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. औषधाच्या मात्रेत पोटात जाणारे अल्कोहोल पेगच्या तुलनेत फारच थोडे, म्हणून त्यावरून हलकल्लोळ करण्याचे कारण नाही. पण पोटुशी बाईने ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून द्राक्षासव स्वतःच्या मनाने सुरू करू नये, वैद्याला दिवस गेल्याचे सांगून विचारावे.

‘आम्ही कुठे वेडे निघालो’ याचे उत्तर सोपे आहे. दारू घेतलेल्या प्रत्येक आईचे मूल बाधित होत नाही. जगभरच्या माहितीवरून २०१७ मध्ये काढलेला एक अंदाज असा, की गरोदरपणात दारू घेणाऱ्या साधारण १३ बायकांमागे एकीच्या मुलात दारूने होणाऱ्या विकारांपैकी काही ना काही आढळते. म्हणजे बाराजणी सुटतात. आपापल्या मुलांकडे बोट दाखवून ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्या त्या बाराजणी खोटे बोलत नाहीत. तेरावी गप्प असते. तिला बऱ्याचदा कारणही माहीत नसते. नाकाखालची चपटी पन्हळ, पातळ वरचा ओठ आणि डोळ्यांच्या अरुंद फटी ही ठरलेली चेहरेपट्टी बाधित मुलांपैकी फार थोड्यांत असते. बाकीची दिसायला इतरांसारखीच. शाळेत त्यांना आळशी, उनाड, ‘डोकं आहे पण वापरत नाही’ असे म्हटले जाते. आज शिकलेला पाढा उद्या विसरणाऱ्या, पैसे हातात आले की उडवणाऱ्या, कुणी सांगेल त्याच्या मागे जाणाऱ्या मुलाच्या वर्तनाचा संबंध त्याच्या जन्माआधीच्या एखाद्या पार्टीशी कोण जोडणार?

जुन्या काळाचाच दाखला हवा असेल, तर जुने लोक इतके बेफिकीर नव्हते. लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने १७२६ च्या सुमारास, जिनचा सुळसुळाट झाला असताना, या दारूपायी दुबळी आणि रोगट मुले जन्मतात अशी तक्रार पार्लमेंटकडे केली होती. १८९९ मध्ये लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर विल्यम सलिव्हन यांनी १२० दारूबाज कैदी बायकांच्या मुलांचा हिशेब मांडला. सुमारे ५६ टक्के मुले मृत जन्मलेली किंवा लहानपणीच दगावलेली. याच बायकांच्या न पिणाऱ्या नातलग स्त्रियांत हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास. ज्या बायकांना गरोदरपणी तुरुंगात यावे लागले, आणि म्हणून दारू मिळाली नाही, त्यांची बाळे धडधाकट निघाल्याचेही सलिव्हन यांनी टिपले. आपल्याकडे चरकसंहितेच्या शारीरस्थानात, गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींच्या यादीत, नित्य मद्य घेणाऱ्या स्त्रीच्या अपत्याची स्मृती कमी आणि चित्त अस्थिर असते असे सांगितले आहे. हे वाचून लगेच छाती फुगवायला नको. त्याच यादीत आई भांडखोर असेल तर मुलाला अपस्मार होतो, असेही आहे. पण ‘आपल्या परंपरेत थोडी चालायची’ असे म्हणणाऱ्याने निदान परंपरा तरी उघडून पाहावी.

डॉक्टरांचीही परंपरा आहे, आणि ती अभिमानाची नाही. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फ्रिट्झ फुक्स यांनी अकाली सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठी शिरेतून अल्कोहोल देण्याची पद्धत रूढ केली. ती पुढची काही वर्षे अमेरिकेतल्या इस्पितळांत सर्रास चालली. म्हणून दारू निर्दोष ठरत नाही. त्या पिढीला माहिती कमी होती, एवढेच त्यातून कळते.

‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा तर खास महाराष्ट्रातला शोध. २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे विधान राजकीय व्यासपीठावरूनही ऐकू आले. द्राक्ष उत्पादकांच्या बाजूने बोलायला इतर पुष्कळ मुद्दे होते. वारेला मात्र बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. वाइनमधले, फेणीतले, मोहाच्या दारूतले आणि सिंगल माल्टमधले इथेनॉल एकच आहे आणि ते वार सहज ओलांडते. थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातली पातळी आईच्या पातळीजवळ जाते. आईचे यकृत ते फोडू शकते, गर्भाच्या यकृतात ती ताकद नसल्यासारखीच. शिवाय अल्कोहोल गर्भजलात उतरते आणि गर्भ ते पाणी गिळत राहतो.

१९८१ मध्ये कॅथलीन सुलिक यांच्या गटाने गाभण उंदरांना एकाच दिवशी दोनदा अल्कोहोल दिले. पिलांचे चेहरे ‘लॅन्सेट’मधल्या त्या मुलांच्या चेहऱ्यांसारखे निघाले. उंदराचा तो दिवस माणसाच्या गर्भाच्या तिसऱ्या आठवड्याशी जुळतो. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम काही दिवस झालेले असतात आणि अनेकींना शंकाही आलेली नसते. मग ‘पहिले तीन महिने जपलं की झालं’ असे तरी म्हणता येईल का? तेही नाही. २००० साली सेंट लुइसच्या जॉन ओल्नी यांच्यासह संशोधकांनी उंदरांच्या नवजात पिलांवर प्रयोग केले. त्यांच्या मेंदूची ती अवस्था माणसाच्या गर्भाच्या शेवटच्या महिन्यांशी मिळतीजुळती असते. काही तासांच्या नशेने मेंदूतल्या चेतापेशी मोठ्या संख्येने मेल्या. चेहरा सुरुवातीला घडतो, पण मेंदू नऊही महिने घडत असतो.

आणखी एक गोष्ट डेन्मार्कचे आकडे देताना विसरली जाते. तिथली गरोदर बाई चांगले खाऊन-पिऊन असलेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार भारतातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्ताची कमतरता आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात, जिथे द्राक्षमळ्यांतल्या मजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपाने देण्याची ‘डॉप’ पद्धत होती, तिथे दारूने बाधित मुलांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त म्हणता येईल इतके आहे. कृश आणि अर्धपोटी मातांच्या मुलांना तिथे जास्त झळ बसलेली दिसली. लोहाची कमतरता असताना दारू मेंदूचे अधिक नुकसान करते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतही आढळले आहे. कोपनहेगनचे प्रमाण आपल्याकडे तसेच्या तसे आणणाऱ्याने आधी हिमोग्लोबिन विचारावे.

इतके झाल्यावर दुसऱ्या टोकाचे लोक टाळ्या वाजवू लागतील, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द बोलायला हवेत. ‘अशा बायकांना शिक्षाच पाहिजे’ हा सूर आपल्याकडे लवकर लागतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९९८ मध्ये दारू किंवा अमली पदार्थ घेणाऱ्या गरोदर बाईला ताब्यात घेता येईल असा कायदाच केला. अशा शिक्षेच्या धाकाने बायका तपासणीला यायचे टाळतात, आणि जिथे मदत मिळाली असती ते दारच बंद होते. ब्रिटनमध्ये २०१४ साली एका बाधित मुलीला गुन्ह्याची बळी म्हणून भरपाई मिळावी, असा दावा अपील न्यायालयापुढे आला. न्यायालयाने तो फेटाळला. आईने गुन्हा केला असे म्हणता येत नाही, हा त्याचा निर्वाळा होता. तो योग्यच होता. दररोज दारू लागणारी गरोदर बाई आजारी असते. तिने एका दिवसात स्वतःच्या मनाने सगळे बंद करणेही धोक्याचे, कारण झटके येऊ शकतात. तिला डॉक्टरच्या देखरेखीखाली थांबवावे लागते.

आणि जिला दिवस गेल्याचे कळण्याआधी एखाद्या पार्टीत ग्लासभर वाइन झाली, तिने रात्र-रात्र जागण्याचे किंवा गर्भपाताचा विचार करण्याचे कारण नाही. तिने डॉक्टरला सांगावे आणि पुढे थांबावे. कोणत्याही महिन्यात थांबले तरी बाळाचा फायदाच असतो. हे वाक्य ‘थोडी चालते’पेक्षा दिलासा देणारे आहे आणि खरेही आहे.

महाराष्ट्रात बायका आणि दारू यांचे नाते म्हटले की आठवते ती गावातले दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानातली आडवी बाटली आणि गडचिरोलीची दारूबंदी. नवऱ्याच्या दारूविरुद्ध बाई, हे चित्र इतके पक्के आहे की बाईच्या हातातला ग्लास कुणाला दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत देशातल्या १५ वर्षांवरच्या १९ टक्के पुरुषांनी आणि १.३ टक्के स्त्रियांनी दारू पीत असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही आत, गोव्यात साडेपाचच्या आसपास, अरुणाचल प्रदेशात २४. घरातल्या माणसांसमोर, दारात आलेल्या अनोळखी पाहणीवाल्याला किती बायका खरे सांगतील, याचा विचार करूनच हे आकडे वाचावेत. डॉक्टरही विचारत नाहीत. चांगल्या घरातल्या सुनेला असे कसे विचारायचे? त्यामुळे ‘थोडी चालते’ हे तिला मैत्रिणीकडून कळते, आणि ‘चालत नाही’ हे सांगायला कुणीच नसते. त्या १९ टक्के पुरुषांना तर कुणी काहीच विचारत नाही, आणि नवरा रोज समोर बसून पीत असेल तर बायकोने एकटीने थांबावे ही अपेक्षा फारशी टिकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितले आहे, की प्रत्येक गरोदर बाईला पहिल्या भेटीत आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत दारूबद्दल विचारावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने २०२३ पासून बाटलीवर गर्भाविषयीचा इशारा सक्तीचा केला. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा इशारा १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे. त्यात दारू आरोग्याला अपायकारक असल्याचे आणि पिऊन गाडी न चालवण्याचे सांगितले आहे, गरोदरपणाचा शब्दही नाही. नुसत्या पाटीने पिणे थांबत नाही हे खरे, पण ती ओळ मराठीत छापायला खर्च येत नाही आणि प्राधिकरणाने ती घालावी. त्याहून गरजेचा आहे तो दवाखान्यातला प्रश्न. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन कार्डावर चढते. त्याच टेबलावर, सासू किंवा नवरा शेजारी नसताना, डॉक्टरांनी आणि नर्सताईंनी तिला दारूबद्दल विचारावे, तिने काय सांगितले ते तिच्या परवानगीशिवाय घरच्यांना कळू देऊ नये, आणि नंतर नवऱ्याला आत बोलावून त्यालाही तोच प्रश्न करावा.